विमानाच्या शेपटीमागचा माणूस

१६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबई विमानतळावरून हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाला मागे ढकलण्याचे काम पूर्ण झाले होते. ट्रॅक्टर आणि विमान यांना जोडणारा दांडा सोडविला गेला होता व कानाला हेडफोन लावलेला तंत्रज्ञ इंजिनाच्या पुढ्यात, त्याच्याकडे पाठ करून उभा होता. इशारा चुकीचा समजला गेला, विमान जागचे हलले आणि सुरू असलेल्या इंजिनाने त्या माणसाला आत ओढून घेतले. दोन दिवस वर्तमानपत्रांत रकाने भरून आले. सहवैमानिकाने इशारा चुकीचा कसा वाचला, याची चर्चा झाली. कंपनीने वारसांना ५ लाख रुपये व एकाला नोकरी जाहीर केली. मग सारे शांत झाले, कारण विमान दुरुस्त होऊ शकत होते आणि माणसाची जागा भरता येत होती.

दीड वर्षाने, जुलै २०१७ मध्ये, दिल्लीच्या विमानतळावर एका कंपनीच्या विमानाच्या इंजिनातून निघालेल्या झोताने दुसऱ्या कंपनीच्या बसच्या काचा फुटल्या व आत बसलेले काही प्रवासी जखमी झाले. याही घटनेची बातमी झाली. त्याच महिन्यात कॅरिबियन बेटांतील सिंट मार्टेनच्या विमानतळावर धावपट्टीच्या टोकाचे कुंपण धरून उभ्या असलेल्या एका परदेशी पर्यटक स्त्रीला उड्डाणाच्या झोताने उडवून लावले आणि ती मृत्यू पावली. ती बातमी जगभर गेली. प्रवासी जखमी झाला, पर्यटक मेला, की झोताला नाव मिळते. इंग्रजीत त्याला जेट ब्लास्ट म्हणतात व आपल्याकडे विमानतळावर काम करणारी मंडळीही तोच शब्द वापरतात. परंतु त्या बसच्या काचा ज्या डांबरी पटांगणावर फुटल्या, त्याच पटांगणावर हजारो माणसे रात्रंदिवस, काचेच्या आडोशाविना, त्याच झोतात उभी असतात. त्यांच्यातील कोणी कोलमडले, कोणाच्या अंगावर रिकामा कंटेनर आला, कोणी ट्रॉलीवरून फेकला गेला, तर ती गोष्ट पाळीप्रमुखाच्या वहीपलीकडे जात नाही. पुष्कळदा वहीपर्यंतही पोचत नाही.

आमच्या काही वाचकांना असे वाटेल की, हा विषय समाजवादी साप्ताहिकाचा नव्हे. विमानाने कोण प्रवास करतो? ऊसतोड मजुराचा, गिरणीतून बाहेर फेकलेल्या कामगाराचा, धरणग्रस्ताचा प्रश्न पडलेला असताना उड्डाण उद्योगातील तांत्रिक धोक्यांची चिकित्सा कशासाठी? ही शंका प्रामाणिक असली तरी तिच्या मुळाशी एक गैरसमज आहे. विमानात कोण बसतो, यावरून विमानतळावर कोण राबतो ते ठरत नाही. सामान चढविणारा, शिडी लावणारा, शौचकूपाची टाकी उपसणारा, चाकाखाली ठोकळे ठेवणारा, हातात दोन दांड्या घेऊन विमानाला वाट दाखविणारा हा माणूस कुर्ल्याच्या, जरीमरीच्या, वाकोल्याच्या वस्तीतून येतो. गोदीतील आणि गिरणीतील कामगारांचा तो वर्गबंधूच आहे. फरक एवढाच, की गोदी कामगाराला संघटना होती, आणि याच्याकडे बहुधा गळ्यात लटकणारा प्रवेशपरवाना तेवढा असतो.

आता झोताविषयी. तो समजल्याशिवाय पुढचे राजकारण समजणार नाही, म्हणून वाचकांनी थोडे यंत्रशास्त्र सोसावे.

जेट इंजिनाचे कार्य म्हणजे पुढून हवा ओढणे आणि मागून ती अधिक वेगाने फेकणे. मध्यम आकाराच्या प्रवासी विमानाचे, म्हणजे आपल्या देशी मार्गांवर सर्रास दिसणाऱ्या बोइंग ७३७ किंवा एअरबस ३२० चे एक इंजिन उड्डाणसमयी दर सेकंदाला तीनशे किलोहून अधिक हवा गिळते. जमिनीवर ते इतके जोरात चालत नाही, हे खरे. पण नुसते मंद चालू असले तरी त्याच्या पुढे काही मीटरांपर्यंत उभे राहणे जीवघेणे असते, आणि मागे कितीतरी मीटरांपर्यंत वारा माणसाला अस्थिर करतो. विमान कंपन्यांना पुरविल्या जाणाऱ्या बोइंगच्या नकाशांत हा मागचा झोत वेगवेगळ्या वेगरेषांनी दाखविलेला असतो. त्यातील सर्वांत बाहेरची रेषा ताशी ३५ मैलांची, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरांची. या वेगाच्या वाऱ्यात अख्खे झाड हलते व माणसाला वाऱ्याविरुद्ध चालणे जड जाते. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. त्या रेषेच्या आत, इंजिनाच्या दिशेने पाच पावले जाणे म्हणजे पाच पावलांचाच धोका वाढला असे नव्हे.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. चालत्या विमानाला चालते ठेवण्यास फारसा जोर लागत नाही. उभ्या विमानाला जागचे हलविण्यास मात्र बराच अधिक जोर लागतो. बैलगाडी ओढणाऱ्याला हे सांगावे लागणार नाही. साठ-सत्तर टनांचे धूड थांबले की वैमानिक इंजिनाचा जोर वाढवितो, विमान हलते, मग तो जोर कमी करतो. त्या काही सेकंदांत मागचा झोत एकाएकी लांब व उग्र होतो. त्यातच विमान वळत असेल, तर त्याची शेपटी आणि तिच्यामागचा झोत कमानीसारखा फिरतो. जिथे एका क्षणापूर्वी शांत होते, तिथे वारा पोचतो. ज्याच्या पाठीमागून तो येतो, त्याला आजूबाजूच्या चार इंजिनांच्या गोंगाटात नवीन इंजिनाचा आवाज वेगळा ऐकू येत नाही. कानांत बोळे असतात, ते असायलाच हवेत.

यावरून एक साधा सिद्धान्त निघतो. विमान जितक्या वेळा थांबेल, तितक्या वेळा त्याला जागचे हलावे लागेल. जितक्या वेळा हलावे लागेल, तितक्या वेळा झोत सुटेल. मोकळ्या पटांगणावर विमान एकदा निघाले की धावपट्टीपर्यंत जाते. गर्दीच्या पटांगणावर ते थांबत-थांबत, वळत-वळत जाते, आणि ज्या जागी ते थांबते त्या जागेच्या मागे दुसऱ्या विमानाचे सामान उतरविणे चाललेले असते. म्हणजे गर्दीमुळे झोतांची संख्या वाढते आणि झोताच्या वाटेत असणाऱ्या माणसांची संख्याही वाढते. हा बेरजेचा हिशेब नाही, गुणाकाराचा आहे. हवामानाचा, दैवाचा किंवा कोणा एका लोडरच्या गाफीलपणाचा यात संबंध नाही. किती विमाने किती जागेत कोंबायची हा निर्णय ज्यांच्या हाती आहे, त्यांनीच हा धोका ठरविलेला असतो.

मुंबईचा विमानतळ या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. त्याच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी व्यवहारतः एकीचाच उपयोग होतो. एवढ्याशा साधनावर २०१८ साली चोवीस तासांत हजारांहून अधिक विमाने चढविण्या-उतरविण्याचा विक्रम झाला व तो अभिमानाने मिरविला गेला. २००६ साली हा विमानतळ खासगी भांडवलाच्या हाती गेला. ७४ टक्के खासगी व २६ टक्के सरकारी प्राधिकरण अशी वाटणी झाली. जुलै २०२१ मध्ये त्याची सूत्रे अदानी उद्योगसमूहाकडे आली. विमाने जास्त, तर प्रवासी जास्त; प्रवासी जास्त, तर दुकानांचे भाडे आणि शुल्क जास्त. पटांगण मात्र रबराचे नसल्यामुळे ताणले जात नाही.

शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारलाच हस्तक्षेप करावा लागला. विमानांची संख्या गर्दीच्या तासांत ताशी ४६ वरून ४४ आणि इतर वेळी ४४ वरून ४२ अशी उतरविण्यात आली. या निर्णयाचे समर्थन करताना मंत्रालयाने जो हिशेब मांडला तो मुळातून वाचण्यासारखा होता. विमानांना मुंबईच्या आकाशात ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागतात, त्यात प्रत्येकी १.७ ते २.५ किलोलिटर इंधन वाया जाते, आणि त्याची किंमत १.८ लाख ते २.६ लाख रुपये होते. हिशेब चोख होता. मात्र हीच विमाने खाली उतरल्यावर ज्या दाटीत शिरतात, त्या दाटीत उभ्या असलेल्या माणसांच्या शरीराला काय मोजावे लागते, याचा आकडा त्या हिशेबात शोधूनही सापडत नव्हता. वाया जाणाऱ्या रॉकेलची किंमत लिटरमागे मोजणारे राज्य मोडलेल्या मनगटाची किंमत मोजू शकत नाही, असे कोण म्हणेल? त्याला मोजायची नसते.

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर गर्दी आपोआप ओसरेल, असे आता सांगितले जाते. नवी जागा मिळाल्याने काही काळ श्वास घ्यायला मिळेल, हे नाकारण्याचे कारण नाही. पण जुन्या विमानतळाची मोकळी झालेली प्रत्येक वेळ पुन्हा विकायला काढली जाणार नाही, याची हमी कोणी दिलेली आहे? दोन्ही विमानतळांची सूत्रे एकाच समूहाकडे आहेत.

इंधनाचाच विषय निघाला आहे, तर एका बचतीचीही वासलात लावावी. जमिनीवर चालताना दोनपैकी एकच इंजिन सुरू ठेवायचे व इंधन वाचवायचे, ही पद्धत जगभरच्या कंपन्यांनी स्वीकारली आहे. धूर कमी होतो म्हणून पर्यावरणाच्या नावानेही तिचा गौरव होतो. पण दोन इंजिनांचे काम एकाने करायचे, तर जागचे हलताना त्या एकावर अधिक जोर द्यावा लागतो. मोकळ्या मार्गावर याने काही बिघडत नाही. कोंदट बे-मधून बाहेर पडताना मात्र बिघडते. शहाण्या कंपन्यांच्या नियमपुस्तकांत हा इशारा असतोही. तथापि बचत नोंदली जाते कंपनीच्या ताळेबंदात आणि वाढलेला झोत नोंदला जातो ट्रॅक्टरवाल्याच्या डोळ्यांत गेलेल्या खड्यांत. अर्थशास्त्रात आम्ही वर्षानुवर्षे ज्याला बाह्य परिव्यय म्हणून शिकविले, त्याचे याहून नेमके उदाहरण पाठ्यपुस्तकांत मला मिळाले नव्हते. यापुढील पायरी म्हणजे स्वस्त सेवेच्या कंपन्यांचा अर्ध्या तासाचा फेरा. विमान आले की अर्ध्या तासात रिकामे, साफ, पुन्हा भरलेले व रवाना. घड्याळ चालू असताना तांबडा दिवा विझेपर्यंत थांबायचे, हा नियम पाळणारा लोडर शिस्तप्रिय ठरत नाही, मंद ठरतो.

तांबड्या दिव्याचा नियम असा: विमानाच्या पोटाखाली व पाठीवर लुकलुकणारा दिवा चालू आहे तोवर इंजिन चालू आहे किंवा चालू होणार आहे असे समजावे आणि जवळ जाऊ नये. नियम उत्तम आहे. अभ्यासवर्गाला येणाऱ्या एका लोडरने मला त्याचे व्यवहारातील रूप सांगितले. तो एका कंत्राटदाराकडे आहे. "सर, आमचा दिवा विझलेला असतो, पण शेजारच्याचा चालू असतो," तो म्हणाला. त्याच्या विमानापाशी जाण्यास त्याला मुभा असते. पण शेजारच्या बे-मधून निघणारे विमान वळताना त्याच्या पाठीवर झोत सोडते. त्या विमानाचा वैमानिक, त्याची कंपनी, त्याचा मार्शलर, यांपैकी कोणाचाही या लोडरशी करार नाही. तीन कंपन्या, चार कंत्राटदार, एक पटांगण. आणि जबाबदारी? ती त्या डांबरावर पडलेली असते, ज्याला सापडेल त्याने उचलावी.

मालकपक्षाचे नेहमीचे उत्तर म्हणजे निष्काळजीपणा. हे उत्तर नीट तपासले पाहिजे, कारण आपल्यातील पुष्कळ सहृदय माणसेही त्याला फसतात. ३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेत अलाबामा राज्यातील माँटगोमेरीच्या विमानतळावर एक कामगार स्त्री एम्ब्रेअर विमानाच्या चालू इंजिनात ओढली जाऊन मेली. विमानाचे सहायक वीजयंत्र नादुरुस्त होते, म्हणून बाहेरची वीज जोडली जाईपर्यंत इंजिन चालू ठेवणे भाग होते. विमान येण्यापूर्वी कामगारांना जवळ न जाण्याची सूचना दिली होती, एकदा नव्हे तर दोनदा. तिच्या सहकाऱ्याने तिला इंजिनाच्या झोताने जवळजवळ पडताना पाहिले, हात हलवून, ओरडून मागे राहण्यास सांगितले. ती पुढे गेलीच. तेव्हा दोष तिचा, असे म्हणून फाईल मिटविता आली असती. तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याने कंपनीला १५,६२५ डॉलर दंड केला. आपल्या हिशेबाने सुमारे १३ लाख रुपये. विमानाचे एक इंजिन बदलण्याच्या खर्चापुढे ही रक्कम म्हणजे चिल्लर. पण मुद्दा रकमेचा नाही. नादुरुस्त वीजयंत्राचे विमान सेवेत ठेवण्याचा निर्णय त्या स्त्रीने घेतला नव्हता. चालू इंजिनाभोवती माणसांना उभे करण्याची वेळ ज्या निर्णयाने आणली, तो निर्णय तिच्या निष्काळजीपणाच्या आधी घेतला गेला होता आणि तो खर्चाच्या गणिताने घेतला गेला होता.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन रेल्वेचे मालक हेच म्हणत. डबे जोडणारा कामगार दोन डब्यांच्या मध्ये उभा राहून हाताने खिळा बसवी. बोटे तुटत, हात तुटत, माणसे चिरडली जात. मालक म्हणत, दारू पितात, लक्ष देत नाहीत. आपोआप जुळणाऱ्या जोडणीचे एकस्व इलाय जॅनी याने १८७३ साली घेतले होते. यंत्र उपलब्ध होते, पण महाग होते, माणूस स्वस्त होता. लोरेन्झो कॉफिन नावाच्या गृहस्थाने वर्षानुवर्षे जिद्दीने चळवळ केली, तेव्हा १८९३ साली कायदा झाला व रेल्वे कंपन्यांवर अशी जोडणी बसविण्याची सक्ती आली. त्यानंतर डबे जोडताना होणारे मृत्यू झपाट्याने घटले. त्या कामगारांनी दारू सोडली होती, म्हणून घटले काय? माणसाला डब्यांच्या मधून काढले गेले, म्हणून घटले.

विमानतळावरही माणसाला झोतातून काढता येते. इंजिन बंद ठेवून विमानाला धावपट्टीजवळ ओढत नेणारे, वैमानिकाच्या नियंत्रणाखाली चालणारे वाहन अस्तित्वात आहे. टॅक्सीबॉट त्याचे नाव. आणि प्रवाशांसह निघालेल्या एअरबस ३२० साठी त्याचा वापर करणारी जगातील पहिली कंपनी आपलीच एअर इंडिया, तेव्हा सार्वजनिक मालकीची. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीत हा प्रयोग झाला. तेव्हाही जाहिरात झाली ती इंधनबचतीची! कामगाराच्या पाठीवरून झोत दूर गेला, हा लाभ कोणाच्या ध्यानात आला नाही. असे वाहन महाग आहे, त्याने वेळ मोडतो, धावपट्टीजवळ ते सोडविण्यास जागा लागते, हे आक्षेप खरे आहेत. १८७३ ची जोडणीही महाग होती.

माझ्या व्यवसायबंधूंचा एक युक्तिवाद इथे घेतो. धोक्याच्या कामाला मजुरी अधिक मिळते, म्हणून धोका आणि मजुरी यांचा बाजारात आपोआप समतोल साधतो, असा सिद्धान्त आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली त्याचे मूळ रूप मांडले. स्मिथ सावध होता. त्याचे आजचे भाष्यकार नाहीत. १६ जुलै २०२४ रोजी मुंबईत कलिना येथे काय घडले, ते त्यांनी आठवावे. एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या कंपनीने विमानतळावरील हमाली-मदतनिसी व तत्सम कामांच्या २,२१६ जागा काढल्या होत्या. ही कंपनी एअर इंडिया टाटांना विकली गेली तेव्हा सरकारकडे राहिलेली. पगार सुमारे वीस ते पंचवीस हजार, नेमणूक मुदतीच्या कराराची. आले पंचवीस हजारांच्या आसपास तरुण. गर्दी आवरेना, तेव्हा अर्ज ठेवून घेऊन लोकांना परत पाठविण्यात आले. त्यांत पदवीधर होते, रात्रीच्या गाडीने दूरच्या जिल्ह्यांतून आलेले होते. एका जागेमागे दहांहून अधिक माणसे दाराबाहेर उभी असताना कोणता लोडर झोताच्या धोक्याबद्दल अधिक मजुरी मागणार? तो धोका आहे असे बोलून दाखविण्याचीही त्याला चोरी. बेकारांची ही फौज दारात उभी करून समतोलाचा सिद्धान्त सांगणे म्हणजे बुडणाऱ्याला पाण्याचा भाव विचारणे आहे.

मेल्यावर तरी किंमत समान होते काय? कामगार नुकसानभरपाईचे सूत्र १९२३ च्या कायद्यापासून चालत आले. मृत कामगाराच्या मासिक वेतनाची निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. वेतनाला मात्र कमाल मर्यादा. २०१० पासून ती ८,००० रुपये होती, जानेवारी २०२० मध्ये १५,००० झाली. पंचवीस वर्षांच्या तरुणाचा गुणक २१६.९१. म्हणजे ८,००० च्या मर्यादेने त्याच्या जिवाची किंमत ८ लाख ६७ हजार ६४० रुपये, आणि १५,००० च्या मर्यादेने १६ लाख २६ हजार ८२५ रुपये. प्रत्यक्षात त्याला बावीस हजार मिळत असले तरी सूत्राला ते दिसत नाहीत. वेतन राज्य विमा योजनेच्या रेषेच्या आत असेल, तर आश्रितांना निवृत्तिवेतनासारखी मासिक रक्कम मिळते. पण ती रेषा २०१७ साली २१,००० वर आखली गेली, आणि या कामाचा पगार नेमका तिच्या आसपास घोटाळतो. हजार-दोन हजारांची वेतनवाढ मिळालेला माणूस रेषेबाहेर पडतो, आणि आपण काय गमावले हे त्याच्या बायकोला तो गेल्यावर कळते. आता त्याच विमानातील आंतरराष्ट्रीय प्रवाशाचा मृत्यू झाला तर? माँट्रियल करारान्वये, कंपनीचा दोष सिद्ध करण्याची गरज न पडता, १,५१,८८० विशेष आहरण अधिकार एककांपर्यंत भरपाई. रुपयांत दीड कोटीहून अधिक. डिसेंबर २०२४ मध्ये महागाईनुसार ती वाढविण्यात आली. प्रवाशाला मिळते त्याबद्दल आमची तक्रार नाही. एकाच विमानाच्या आतील आणि बाहेरील जिवांमध्ये दहा पटींची दरी कोणत्या न्यायाने पडते, एवढेच आम्ही विचारतो.

धंद्याचे स्वतःचे आकडे या दरीला दुजोरा देतात. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने या शतकाच्या पहिल्या दशकात अंदाज दिला होता की, जगभरच्या विमानतळ-पटांगणांवर वर्षाला सुमारे २७,००० अपघात व घटना घडतात आणि २,४३,००० माणसे जखमी होतात. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ साली जो इशारा दिला तो मात्र विमानांना जमिनीवर होणाऱ्या इजेचा होता: २०३५ पर्यंत हा खर्च दुप्पट होऊन वर्षाला सुमारे १,००० कोटी डॉलर होईल. पत्र्याला पडलेली खोक डॉलरमध्ये मोजली जाते.

कायद्याचा इतिहास पाहिला म्हणजे हे सारे अनवधानाने झालेले नाही, हे स्पष्ट होते. १९७० साली कंत्राटी कामगार कायदा झाला. त्यातील दहाव्या कलमाखाली ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्राने झाडलोट, सफाई व पहारा या कामांत कंत्राटी पद्धत बंद करणारी अधिसूचना काढली. ती धाब्यावर बसविणाऱ्यांत सार्वजनिक मालकीची एअर इंडियाही होती, हे आपण समाजवाद्यांनी विसरू नये. मालकी सरकारची झाली म्हणजे कंत्राटदार निघून जातो, असे नाही. मुंबईतील या सफाई कामगारांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर १९९६ मध्ये त्यांना कायम कामगार म्हणून सामावून घ्या, असा निर्णय झाला. तो आनंद पाच वर्षेही टिकला नाही. ३० ऑगस्ट २००१ रोजी, पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात, पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरविला आणि १९७६ ची अधिसूचनाही रद्द ठरविली. २००७ साली विमानतळांवरील जमिनीवरच्या सेवांचे नवे धोरण आले. त्यात विमान कंपन्यांच्या कंत्राटी माणसांना आवर घालण्याचा प्रयत्न होता, पण कारण होते घातपाताची भीती! कंत्राटी माणूस विमानाला धोकादायक, हे राज्याला कळले होते. विमान कंत्राटी माणसाला धोकादायक, हे कळायचे होते. कंपन्या त्यालाही विरोध करीत न्यायालयात गेल्याच.

आणि आता नव्या संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा संहिता अमलात आली. मुख्य कामात कंत्राटी कामगार नकोत, असे तिचे भारदस्त कलम आहे. मुख्य काम कशाला म्हणायचे, याची व्याख्या मात्र वाचावी. आस्थापना खास त्याच कामासाठी उभारलेली नसेल, तर सफाई मुख्य काम नव्हे, पहारा नव्हे, वाहतूक नव्हे, आणि माल चढविणे-उतरविणेही नव्हे. १९७६ साली ज्या कामांतून कंत्राटदाराला हाकलले होते, त्याच कामांना २०२० च्या व्याख्येने त्याच्या स्वाधीन केले. विमान कंपनीचे मुख्य काम उड्डाण. विमानात सामान कोण ठेवतो हा तिच्या दृष्टीने गौण तपशील. सामानाविना विमान उडविणारी कंपनी आम्हांस अद्याप पाहावयाची आहे.

पण त्या व्याख्येतच एक फट आहे व तिचा उपयोग आपल्या कामगार आघाडीने केला पाहिजे. जी कंपनी विमानतळावर केवळ सामान चढविण्या-उतरविण्यासाठी व तत्सम सेवांसाठीच स्थापन झाली आहे, तिचे ते मुख्य काम ठरते. तेव्हा अशा कंपन्यांनी आणखी खालच्या कंत्राटदाराकडून माणसे घेतली, तर त्यांना संहितेच्याच आधाराने आव्हान देता येईल. विमानतळावर संघटनांच्या पाट्यांची वाण नाही. पाटीखाली कंत्राटी लोडर आला की त्याला सभासद करून घेण्याची वाण आहे.

मागण्या ठरवितानाही झोताचे शास्त्र डोळ्यांपुढे असावे. हेल्मेट आणि जाकिटे वाटा, ही मागणी करून थांबलो तर मालक ती आनंदाने मान्य करील. जाकीट झोत अडवीत नाही. ज्या बे-च्या मागे दुसऱ्या विमानाचे काम चालते, तेथून इंजिन बंद ठेवूनच विमान ओढत बाहेर न्यावे. शेजारच्या बे-मध्ये माणसे असताना एका इंजिनावर वळण घेऊ नये. गर्दीच्या तासांतील विमानसंख्या ठरविताना पटांगणावरील कामगारांच्या प्रतिनिधींचे म्हणणे नोंदविले जावे. आणि झोताने झालेली प्रत्येक इजा, मग ती कोणत्याही कंत्राटदाराच्या माणसाला झालेली असो, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला कळविण्याची सक्ती विमानतळ चालविणाऱ्यावर असावी व तिचे वार्षिक आकडे प्रसिद्ध व्हावेत.

ही सक्ती होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. अंधेरी, कुर्ला व सांताक्रूझ शाखांच्या साथींनी विमानतळावर काम करणाऱ्या आपापल्या वस्तीतील कामगारांना एक साधी वही द्यावी. तीत तारीख, वेळ, बे-चा क्रमांक, विमानाच्या शेपटीवरील अक्षरे, झोत कोणत्या दिशेने आला, कोणाला काय लागले व तो कोणाच्या हजेरीपटावर होता, एवढे लिहावे. लिहिणाऱ्याचे नाव वहीत असू नये, कारण त्याचा परवाना कंत्राटदाराच्या मर्जीवर आहे. नावे शाखेने वेगळी ठेवावीत. पावसाळ्यात नोंदी अधिक काटेकोर घ्याव्यात, ओल्या डांबरावर पाय सुटतो. तीन महिन्यांच्या वह्या जमल्या की त्या घेऊन कामगार आयुक्तांकडे जाता येईल.